हिची टाच कुठे गेली?

"अगं, हिची टाच कुठे गेली?"

दुपारी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी आजी माझ्या मोबाइलवर एका बॅले नर्तकीचा फोटो बघत होती. चष्मा कपाळावर, फोन नाकाला टेकलेला. अख्खी बाई बोटांच्या टोकावर उभी आणि चेहरा असा, जणू बसची वाट बघतेय.

बुटात लाकूड असणार, हा आजीचा निकाल. म्हटलं, नाही गं, कापडाचे न् कागदाचे थर असतात, चिकटवून कडक केलेले. "म्हणजे खळच की!" मग दहा मिनिटं साड्यांना खळ कशी द्यायची यावर. (हे होणारच होतं.)

शेवटी 'स्वान लेक' हा बॅलेच लावला. चायकोव्स्कीचं संगीत, पहिला प्रयोग १८७७चा. काळ्या हंसिणीच्या ३२ गिरक्या आजी बोटांवर मोजत होती. विसाच्या पुढे कुठेतरी चुकली. "परत लाव."

सयाजीरावांच्या पहिल्या राणीबरोबर तंजावरच्या नर्तकी आल्या, तेव्हापासून बडोद्याने जमिनीवर पाय आपटणारं नृत्य पाहिलंय. या बॅलेवाल्या बायकांना मात्र जमीन सोडायची कोण घाई!

संध्याकाळी वरच्या फळीवरचा डबा काढायला आजी चवड्यांवर उभी राहिली. एक हात ओट्यावर. चेहरा अगदी तस्साच.

फोटो काढायचा राहिला.