एवढं मोठं, एवढ्या वेगाचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परवा लग्नाच्या पंगतीत विषय निघाला तेव्हा नीट बोलता आलं नाही. माळावर बघायला येणारी माणसंही हेच विचारतात : रिमोटच्या विमानाची हौस आहे, तर हातात मावेल एवढं घ्यावं. माणसापेक्षा मोठं, पेट्रोलवर चालणारं, एवढ्या जोरात जाणारं कशाला?

लहान विमानं मी पुष्कळ उडवली. सुरुवात थर्मोकोलसारख्या फोमच्या, दोन फुटी विमानानं केली आणि शिकणाऱ्यानं आजही तिथूनच सुरुवात करावी. पण लहान विमान डोळ्यांना कधीच विमान वाटत नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. वेग आपण ताशी किलोमीटरमध्ये बघत नाही, वस्तूच्या स्वतःच्या मापात बघतो. साठ सेंटिमीटरचं विमान ताशी ५० किलोमीटरनं गेलं, तर एका सेकंदात स्वतःच्या पंखांच्या तेवीसपट अंतर कापतं. ते चिलटासारखं दिसतं. माझं आताचं विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २.६८ मीटर आहे. ते ताशी १०० किलोमीटरनं जातं, म्हणजे दुप्पट वेगानं, तरी सेकंदाला स्वतःच्या दहापटच सरकतं. सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावर उतरणारं विमान जसं संथ, जड, ठाम दिसतं, तसं ते दिसतं. वळताना आधी कलतं, मग नाक फिरवतं. हे बघायला मिळावं म्हणून मोठं.

दुसरं कारण आपल्या वाऱ्याचं. मृग जवळ आला की इथल्या माळावर दुपारी कसा वारा सुटतो ते तुम्हाला माहीत आहे. ताशी २० किलोमीटरची झुळूक ४०नं उडणाऱ्या हलक्या विमानाला पाचोळ्यासारखी भिरकावते. अकरा किलोचं विमान तीच झुळूक अंगावर घेतं, थोडं डुलतं आणि पुढे जातं. शिवाय लहान पंखाला हवा जणू काकवीसारखी चिकट लागते. पंख मोठा आणि वेग जास्त झाला की तीच हवा पंखावरून सुरळीत वाहते. नुसता आकार वाढला म्हणून विमान उडवायला अवघड होत नाही, उलट ते जास्त समजूतदारपणे उडतं. अवघड होतं ते त्याची जबाबदारी घेणं. त्याकडे येतोच.

आधी विमानाबद्दल सांगतो. ते एचटी-२ या विमानाची चौथाई प्रतिकृती आहे. एचटी-२ म्हणजे भारतात आखलेलं, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बांधलेलं, १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं दोन आसनी प्रशिक्षण विमान. ते आखलं विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आला होता. पंखावरून हवा कशी वाहते याचं आजचं सगळं शास्त्र प्रांटल यांच्या पायावर उभं आहे. आपल्या हवाई दलाची कितीतरी पोरं याच विमानावर उडायला शिकली. मॉडेलच्या छंदात बहुतेकांना अमेरिकी मस्टँग नाहीतर इंग्रजी स्पिटफायर अशी लढाऊ विमानं हवी असतात. मला हेच हवं होतं. ते बाजारात तयार मिळत नाही, म्हणून जुन्या आराखड्यावरून बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा आणि प्लायवुडचा सांगाडा घरी केला. एमआयडीसीतल्या माझ्या लेथवर चाकांचे दांडे केले. दोन हिवाळे त्यात गेले.

सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड इस्त्रीनं चिकटवायचं आणि गरम करून ताणून बसवायचं असतं. ते काम आमच्या अप्पांनी केलं. अप्पा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. कापड हातात घेतल्यावर त्यांनी आधी ताणा कुठल्या दिशेनं आहे ते बोटानं चाचपलं आणि त्याप्रमाणेच ते पंखावर घातलं. आजवर त्याला एक सुरकुती नाही.

आता वेगाचं. मोठ्या विमानाच्या आधी माझ्याकडे एक वेगाचं विमान होतं. बॅटरीचं, सव्वा मीटरचं, दोन किलोच्या आत, पण सूर मारला की ताशी २००च्या जवळ जायचं. जगात याच्या कितीतरी पुढची विमानं आहेत. केरोसिनवरच्या छोट्या जेट इंजिनाचं एक मॉडेल २०१७ साली जर्मनीत ताशी ७४९ किलोमीटरला पोचलं. मला तेवढं नको होतं. ताशी २००ला सेकंदात पंचावन्न मीटर जातात. तुम्ही 'आता वळावं' असं मनात म्हणेपर्यंत विमान वळायची जागा ओलांडून गेलेलं असतं. त्यामुळे हात विमानाच्या मागे नाही, पुढे ठेवावा लागतो. उड्डाणाच्या त्या सहा मिनिटांत डोक्यात दुसरं काही उरत नाही, हप्ता नाही, गिऱ्हाईक नाही, दुखणारा गुडघा नाही. मी वेगाकडे त्यासाठी गेलो.

ते विमान कसं गेलं तेही सांगायला हवं. उन्हाळा होता, सकाळचे आठ. वरून सूर मारला आणि 'भर्रर्र' असा आवाज आला, जाड कापड टराटरा फाडावं तसा. पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी थरथरायला लागली होती. आमच्यात त्याला फ्लटर म्हणतात. पट्टीला किंवा तिला हलवणाऱ्या तारेला जरा जरी ढिलाई असली, तर ठरावीक वेगाच्या पुढे हवाच ती पट्टी वरखाली झोडपायला लागते आणि प्रत्येक झोक्याला जोर वाढवत नेते. डावा पंख आकाशातच सुटला. उरलेलं विमान कापलेल्या ज्वारीच्या रानात पडलं. बॅटरी धुमसत होती, तिच्यावर बादलीभर वाळू ओतली. पडलं तिथे माणूस किंवा जनावर नव्हतं, कारण आमची उडवायची बाजू ठरलेली असते आणि त्या बाजूला कुणाला जाऊ देत नाही.

अप्पा त्या दिवशी सोबत होते. तुकडे गोळा करताना म्हणाले, "आवाज आधीच्या चकरेलाच बदलला होता." मला तो ऐकू आला नव्हता. चाळीस मागांच्या खडखडाटात एका मागाचा धोटा वेगळा वाजला तर त्यांना कळायचं. घरी येऊन मी उजव्या पंखाची पट्टी दोन बोटांत धरून हलवली. अर्धा मिलिमीटर ढिली होती. डावीही तशीच असणार. आदल्या रविवारी ती माझ्या हाताला लागली होती आणि 'चालतंय' म्हणून मी सोडून दिली होती.

तेव्हापासून उडवण्याआधीची वीस मिनिटं मी कुणालाही कमी करू देत नाही. प्रत्येक पट्टी बोटांनी हलवून बघतो. पंखाखाली दोन्ही बाजूंना बोटं लावून तोल बघतो. इंजिन चालू असताना रिमोट बंद करतो. संपर्क तुटला की इंजिन आपोआप मंद व्हायलाच हवं, नाही झालं तर त्या दिवशी उड्डाण नाही. हिशेब साधा आहे. एक किलोच्या, ताशी ५०नं जाणाऱ्या विमानापेक्षा हे अकरापट जड आणि दुप्पट वेगाचं. वेगाची दुप्पट म्हणजे धक्क्याची चौपट, म्हणून अकरा चोक चव्वेचाळीस. एवढा धक्का बसणाऱ्या वस्तूबरोबर 'चालतंय' चालत नाही.

जागेचंही तसंच. सोलापुरातून आता विमानं सुटतात. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, आठ ते बारामध्ये दोनशे फुटांपर्यंत, आणि त्यापुढे हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागात चारशे फुटांपर्यंत. म्हणून आम्ही मोहोळच्या बाजूला लांब जातो. नान्नजकडे कधीच नाही, तिथला माळ माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा आहे. आम्ही जातो तिथे एका मित्राच्या काकांनी पडीक रानात मुरूम टाकून रोलर फिरवून दिलाय. काळ्या रानात भेगांत चाक अडकून विमान नाकावर उलटतं, मुरमावर तसं होत नाही.

उतरवणं हा सगळ्यांत मोठा कस. मघाशी म्हणालो ना, मोठं विमान आहे त्यापेक्षा संथ दिसतं. तिथेच नवा माणूस फसतो. उतरायला वळताना त्याला वाटतं अजून वेग पुष्कळ आहे, तो इंजिन आणखी मंद करतो, आणि एक पंख अचानक खाली जातो. मे महिन्यात तर आणखी जपावं लागतं. बेचाळीस अंशाच्या दुपारी हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा साधारण आठ टक्के विरळ असते आणि तेवढाच पंखाला आधार कमी मिळतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही साडेआठला आवरतं घेतो. विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटतं, त्यासाठी शिकणाऱ्याला मी एकच सांगतो : जो पंख खाली दिसतो त्याच बाजूला रिमोटची दांडी न्या, पंख वर येतो.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला तिथे असेन. पायात बूट घाला, रानात काटे आहेत. इंजिन चालू करताना मागे बसून शेपूट घट्ट धरायला एक माणूस लागतो. अप्पांना आता खाली बसवत नाही, ते खुर्चीवर बसून आवाज ऐकतात. शेपूट तुम्ही धरा.