सोमनाथची छावणी

१५ ते २२ मे. इतकी वर्षं लोटली तरी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीच्या या तारखा हललेल्या नाहीत. मे महिना, तोही चंद्रपूर जिल्ह्यातला, आणि त्यात रोज उघड्यावर कुदळ-फावडं चालवायचं, एवढं ऐकूनच अर्धी मंडळी गळायची. तारखा निवडण्यामागे तोच हेतू असावा, असा मला कायम संशय आहे. आमच्या नाशिकच्या कॉलेजात सूचना लागली तेव्हा नावं द्यायला झुंबड उडाली होती. स्टेशनवर प्रत्यक्षात आलो ते मोजकेच, आणि त्यातही मुली आम्ही दोघीच.

ही छावणी भरवते वरोऱ्याची महारोगी सेवा समिती. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली ती काढली आणि १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनात संसार मांडला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकासारखी सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढची एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या श्रमदान करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे परदेशी तरुण-तरुणी आनंदवनात मुक्कामाला आले आणि त्यांनी तिथे इमारती उभ्या केल्या. तेव्हा वरोऱ्याचे लोक त्या वाटेला फिरकत नसत. साता समुद्रापलीकडची पोरं इथे विटा वाहताहेत म्हटल्यावर मग हळूहळू गावातलेही डोकावू लागले. छावणीचं बीज मला तिथे दिसतं. पुढे १९६७ च्या सुमाराला मूलजवळ, मारोड्याच्या बाजूला, जंगलाला लागून सोमनाथचा प्रकल्प उभा राहू लागला. बाबांच्या डोक्यात तिथे श्रमिक विद्यापीठ होतं. ते काही कागदावरच्या विद्यापीठासारखं झालं नाही. दरसालची छावणी मात्र टिकली. मला विचाराल तर बरंच झालं. विद्यापीठ झालं असतं तर कुलगुरू आले असते, फॉर्म आले असते आणि निकाल लांबले असते.

आमची पहिली छावणी ऐंशीच्या दशकातली. नाशिकरोडहून वर्धा, तिथे गाडी बदलून चंद्रपूर, पुढे मूलपर्यंत एस.टी. ज्यांची हौस दांडगी ते चांदाफोर्टहून गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी धरायचे. तेव्हा ती लाइन अरुंद होती, आणि गाडी इतक्या सावकाश जायची की बाहेर तेंदूपत्ता गोळा करून परतणाऱ्या बायांशी खिडकीतून दोन शब्द बोलून व्हायचे.

घरून निघताना मात्र महाभारत झालं होतं. उन्हाची कुणाला काळजी नव्हती. काळजी होती ती जेवणाची. सोमनाथला शेती करणारे, गुरं राखणारे, स्वयंपाक रांधणारे बहुतेक सगळे बरे झालेले कुष्ठरोगी. आजीने माझ्या पिशवीत आठ दिवस पुरतील एवढे दशम्या, चिवडा आणि लाडू भरले आणि कानात सांगितलं, "तिथलं पाणीसुद्धा पिऊ नकोस गं." नवी औषधं तोवर आली होती, रोग बरा होतो हे डॉक्टर छातीठोक सांगत होते. पण आजीपर्यंत ते पोचायला अजून वेळ होता. खरं तर माझ्यापर्यंतही.

पहिल्या दिवशी पंगतीत भात वाढायला आलेल्या मावशींच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. डाव मनगटाशी फडक्याने बांधलेला. आमच्या रांगेत एकदम शांतता पसरली. मावशींना ते नवीन नसणार. त्यांनी सरळ माझ्या ताटात दोन डाव भात घातला आणि म्हणाल्या, "पोळी पोळी करू नको बाई. हा धानाचा मुलूख हाये, इथं भातच खा लागते." ताट समोर, मावशी पुढच्या पानाशी, आणि पोटात पहाटेपासून काही नाही. जेवले. वरणावर लसणाची फोडणी होती आणि ते वरण मी दोनदा मागून घेतलं. आजीच्या दशम्या तिसऱ्या रात्री गटातल्या मुलांनी फस्त केल्या. छावणीत प्रतिज्ञा, व्याख्यानं, घोषणा सगळं होतं. पण खरी परीक्षा पहिल्या पंगतीलाच उरकलेली असायची.

काम पहाटे सुरू व्हायचं. अंधार असतानाच गाणी म्हणत कुणीतरी उठवायचं, आणि ऊन चढायच्या आत हातातला तुकडा संपवायचा. आमच्या गटाकडे नाल्यावरच्या बंधाऱ्याचं काम होतं. कुदळीने मुरूम खणायचा, घमेल्यात भरायचा आणि साखळी करून हातोहात पलीकडे द्यायचा. साखळीत उभं राहणं सर्वांत सोपं वाटायचं. तासाभराने कळायचं की सर्वांत सोपं काम कुदळीचंच, कारण तिथे मधून मधून थांबता तरी येतं.

कुदळ कशी धरायची हे शिकवायला सोमनाथचे एक काका होते. त्यांची बोटं पेरापर्यंत झिजलेली, कुदळीच्या दांड्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. "पोट्टेहो, कुदळीले पडू द्या, तुमी कायले जोर लावता?" हे त्यांचं पालुपद. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले आणि मी ते सगळ्यांना दाखवत हिंडत होते. काकांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दुखते न? मग बरं हाये. आमाले दुखतच नाही, म्हणून त बोटं गेली." त्या रोगात कातडीची जाणीवच मरते. चटका बसलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते, आणि बोटं जातात ती त्या दुर्लक्षित जखमांनी. म्हणून काम संपलं की काका हौदापाशी बसून हातपाय धुवायचे आणि उजेडात धरून बारकाईने न्याहाळायचे. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. रोज. दुसऱ्या दिवसापासून मी माझे फोड दाखवणं बंद केलं.

दुपारची बौद्धिकं हा छावणीचा कच्चा दुवा, हे प्रेमानेच म्हणते. वक्ते मोठे असायचे, विषयही मोठे, पण पहाटेपासून मुरूम खणून, भात जेवून, वर पंचेचाळीस अंशांच्या झळा खात मंडपात बसलेल्या पोरांनी जागं राहावं ही अपेक्षाच अमानुष होती. एका नामवंत वक्त्यांचं भाषण पुढच्या रांगेतल्या घोरण्यामुळे थांबल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा बोलायचे तेव्हा मात्र कुणी पेंगत नसे. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. खाटेवर आडवा झालेला माणूस एवढ्या मोठ्या मांडवाला धरून ठेवतो, हे मी एरवी कुठे पाहिलेलं नाही. त्या दिवसांत गोदावरी-इंद्रावतीवर व्हायच्या इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांचा विषय तापलेला होता. बुडणार होतं ते जंगल आणि त्यातली माडिया आदिवासींची गावं, आणि आम्हाला नाशिकात गंगापूर धरणाच्या भिंतीवर वाऱ्याला जाऊन बसायची सवय. धरणाला कुणी विरोध करू शकतं हेच मुळात नवीन होतं. वाद रात्री जेवणानंतरही चालायचा. कोकणातला एक मुलगा अखेरपर्यंत धरणाच्या बाजूने भांडला आणि त्याला कुणी गप्प केलं नाही, हे मला आवडलं होतं.

रात्री गाणी. विदर्भातल्या मुलांचा आवाज खडा, पुण्याच्या मुलांना कडवी पाठ, आम्ही नाशिककर टाळ्यांपुरते. उघड्यावर सतरंज्या टाकून झोपायचं. मोहाचा हंगाम सरत आलेला असला तरी अस्वलं फिरतात, वाघही आहे, असं सांगून जुने छावणीकर नव्यांना घाबरवायचे. ते खोटं नव्हतं, ताडोबाचं जंगल जवळच. पण मंडळी एवढी दमलेली असायची की वाघ आला असता तरी त्याला कुणाला तरी हलवून उठवावं लागलं असतं.

खोदलेल्या मुरमाचा हिशेब केला तर आठवडाभरात शेकडो पोरांनी जे केलं ते आज जेसीबी दोन दिवसांत करेल. पण हिशेब तेवढाच नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून सायकलींवर भारत जोडो यात्रेला निघाले, तेव्हा त्यात छावणीत घडलेली मुलं होती. मी गेले नाही, परीक्षा होती. तो पेपर कसा गेला तेही आता आठवत नाही. छावणी आटोपली की काही जण बाबांचे चिरंजीव प्रकाशभाऊ आणि सूनबाई मंदावहिनींनी १९७३ पासून हेमलकशात आदिवासींसाठी मांडलेलं काम पाहायला भामरागडला जात, आणि त्यातला एखादा तिथलाच होऊन जाई. बाकीचे कुणी शाळा काढली, कुणी पाणलोटाच्या कामात गेले, कुणी नोकरी करून दरमहा गुपचूप मनिऑर्डर धाडत राहिले. या संस्थेने तरुणांना पैसा किंवा शिष्यवृत्ती दिली असं कुणी म्हणणार नाही. उलट आठ दिवस राबवून घेतलं.

"बाबांनंतर काय?" हा प्रश्न छावणीत तेव्हाही निघायचा, तोही चहाच्या रांगेत दबक्या आवाजात. एका कुटुंबाने उभारलेल्या संस्थेला तो चुकत नाही. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये. विकासभाऊ-प्रकाशभाऊ या मुलांच्या पिढीनंतर आता नातवंडांच्या पिढीने काम अंगावर घेतलं आहे. घराण्यातच कारभार राहावा का, यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटण्याची चिन्हं नाहीत.

आमच्यात म्हणजे जुन्या छावणीकरांत. आम्ही वर्षातून एकदा, हिवाळ्यात, कुणाच्या तरी घरी जमतो. आता गुडघे सगळ्यांचेच बोलू लागलेत, त्यामुळे सतरंजीऐवजी खुर्च्या असतात. जेवायला मात्र वरण-भातच, लसणाच्या फोडणीचा. पूर्वी पोस्टकार्डांवर पत्ते उतरवून घेतले होते, आता ग्रुपवर सकाळचे सुविचार येतात. यंदा वाद पेटला तो आमच्या बंधाऱ्यावरून. एक म्हणतो, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. दुसरा शपथेवर सांगतो की त्याने मागे एकदा जाऊन त्यात पाणी पाहिलं होतं. तिसऱ्याच्या मते तो आमचा नव्हे, शेजारच्या गटाचा. शेवटी कुणीतरी मे महिन्यात जाऊन सोक्षमोक्ष लावून यायचं ठरलं, आणि माझी भाची यंदा छावणीला जाणारच आहे म्हटल्यावर एकमताने माझं नाव पुढे आलं. तिच्यासोबत जायचं, फोटो काढून आणायचा. तिने मला आधीच बजावलं आहे, "मावशी, सोबत ये, पण माझ्या गटात येऊ नकोस."