तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गातला स्टार चार्ट कुठे गेला?

पालकसभेत विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, जुने विद्यार्थी भेटले तर तेही विचारतात, की बाई, दुसरीच्या वर्गातला तो स्टार चार्ट का काढलात, मुलांना किती आवडायचा. आजवर मी "भिंतीला रंग द्यायचा होता" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. आता एकदाच लिहून टाकते.

मुलांच्या नावापुढे चांगल्या वागण्याचे स्टार लावायचा तो चार्ट मीच लावला होता आणि मनापासून लावला होता. वर्ग शांत व्हायचा. 35 मुलं आणि मी एकटी, काहीतरी धरायला लागतंच, त्यामुळे माझं सगळं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

तर एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणजे मीच बसवलं होतं. वाचनाच्या तासाला मी पहिल्या बाकापासून ओळीनं एकेक परिच्छेद वाचून घ्यायचे. याच्या आधीची दोन-तीन मुलं राहिली की याचं सुरू, पेन्सिल खाली टाक, शेजारच्याला ढकल, मध्येच ओरड. मी स्टार काढून घ्यायचे आणि दाराबाहेर उभं करायचे. डायरीत लिहायचे, 'लक्ष नाही, इतरांना त्रास देतो.' गणिताच्या तासाला मात्र हाच मुलगा मान खाली घालून काम करायचा. मला ते दिसत होतं हो! पण मी त्याचा अर्थ काय लावला, तर बघा, मनात आणलं तर नीट वागता येतं याला, म्हणजे मुद्दाम करतोय.

एके दिवशी मी सहज म्हणून शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. त्याला काही करायला वेळच मिळाला नाही. उभा राहिला, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला, एकही चूक नाही. क्षणभर मला इतका आनंद झाला. मग लक्षात आलं की बोट पहिल्या परिच्छेदावर आहे आणि तोंडातून शेवटचा परिच्छेद येतोय, जो रोजच्या क्रमानं त्याच्या वाट्याला आला असता. घरून पाठ करून आला होता. मुलं हसली. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "याला वाचन नाही म्हणत, ही फसवणूक आहे. आजचा स्टार गेला."

त्यानं चार्टकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, माझा एकपण नाहीये, कुठला काढणार?"

उद्धटपणे नाही, खरंच विचारलं त्यानं. मुलं परत हसली, मी चिडले, बाहेर जा म्हणाले. तो लगेच गेला. दारातून दिसत होता, आणि त्याचा चेहरा शिक्षा झालेल्या मुलाचा नव्हता, सुटल्यासारखा होता. इतके महिने मी त्याला जी शिक्षा देत होते ती त्याला हवी होती, कारण बाहेर उभं राहिलं की वाचावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला घेऊन बसले. सुटी अक्षरं येत होती, कानाही यायचा. पहिल्या वेलांटीला अडायचा, 'दिवा'मध्ये वेलांटी दिसते आधी आणि उच्चार येतो नंतर, हे त्याला कोणी नीट दाखवलंच नव्हतं, म्हणजे मीच दाखवलं नव्हतं. 'सूर्य'मधला रफार तर त्याला दिसतच नव्हता. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर आणि चित्र बघून अंदाज. गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं होतं की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. याची भाषा उत्तम होती, नुसतं ऐकून परिच्छेदच्या परिच्छेद लक्षात ठेवायचा. आणि त्या मेहनतीला मी फसवणूक म्हणाले.

सहकारी म्हणतात की अशा पद्धतींचा उपयोग होतो, 1969 मध्ये चौथीच्या एका वर्गात दोन टीम करून 'गुड बिहेवियर गेम' घेतला, म्हणजे जी टीम कमी दंगा करेल तिला बक्षीस, तेव्हा गोंधळ कमी झालाच होता. झाला होता, मान्य. पण त्यात मोजलं होतं ते मध्येच बोलणं आणि जागा सोडणं. माझाही वर्ग शांतच होता की, आणि त्या शांततेत एक मूल वर्षाचा बराचसा भाग न वाचता बसलं. तिकडे 1973 च्या लेपर वगैरे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, सर्टिफिकेटचं आमिष दाखवून चित्रं काढायला लावलेली छोटी मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढायला लागली. मी तर वाचनालाही स्टार लावला होता.

आता ओळीनं वाचन बंद आहे. जोडीनं वाचतात, एकच छोटा उतारा तीन-चार वेळा. ज्याला सगळ्यांसमोर वाचायचंय त्याला कुठल्या ओळी ते आदल्या दिवशीच सांगते, आणि हो, पाठ करून आलं तरी चालतं, मग आम्ही बोट आणि शब्द जुळवत बसतो. दंगा करणाऱ्याला बाहेर काढण्याआधी तो कुठल्या तासाला करतो ते आठवडाभर लिहून ठेवते.

पण म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. मागच्या वर्षी एक मुलगी घडाघडा वाचायची आणि रोज कोणाला तरी चिमटे काढायची, तिथे माझं हे शहाणपण काही कामाला आलं नाही. वर्गात आवाज वाढलाय. थकलेल्या दिवशी चार्टची आठवण येते, खोटं का बोलू.

तो मुलगा वर्षाच्या शेवटी हळूहळू, अडखळत, पण बोटाखालचं वाचायला लागला. मधल्या सुट्टीत त्याची भांडणं चालूच होती. त्याच्या आईला मी खरं काय झालं ते कधी सांगितलं नाही, धीर झाला नाही. ती डायरी त्यांच्या घरी असेल अजून. 'लक्ष नाही, इतरांना त्रास देतो', पानापानावर, माझ्या अक्षरात. आता त्याला ते वाचता येत असेल.