तिसऱ्यांदा गळलेला शॉकअप

तात्यांच्या स्प्लेंडरचा पुढचा शॉकअप चार महिन्यांत तीनदा गळला. आतलं तेल अडवणारं पहिलं सील मी बसवलं होतं. पुढची दोन दुसऱ्या दोन मिस्त्र्यांनी. तिसरं गळलं तेव्हा तेल ओघळत ओघळत ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. पहाटे डेअरीकडे जाताना वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तात्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि तो धरलाच नाही. गाडी घसरली. गुडघा सोलला, एक कॅन उलटला, 20 लिटर दूध रस्त्यावर. ट्रॅक्टरवाल्याने वेळेत थांबवलं म्हणून एवढ्यावरच निभावलं.

हे मला तात्यांनी दोन दिवसांनी फोनवर सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही. "मिस्त्री, गाडी तुमच्याकडं सोडून जाता येत न्हाई. सांजचं दूध कोण घालणार? घरी येऊन बघता का?" आमच्या वाळवा तालुक्यात दूध घालणाऱ्या माणसाची गाडी म्हणजे त्याचा पाय. सकाळचं दूध घालून तो दहाला मोकळा होतो, साडेचारला परत धारा काढायची वेळ. मधले सहा तास माझे.

शॉकअपचं काम बाहेरून सोपं दिसतं. वर टी-मध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, घट्ट धरलेला क्रोमचा पाईप, आणि चाकाला जोडलेला ॲल्युमिनियमचा बॉटम त्या पाईपवरून वर-खाली होतो. बॉटमच्या तोंडात रबराचं सील. त्या सीलच्या ओठाभोवती आतून केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती ओठ पाईपला चिकटवून ठेवते. पाईप आरशासारखा असेल तर हे सील वर्षानुवर्षं चालतं. म्हणून नवं सील महिन्या-दीड महिन्यात गळलं, तर एकच प्रश्न विचारायचा असतो: ओठ कापतंय कोण? पण आमच्या धंद्यात तो प्रश्न क्वचित विचारला जातो. "माल डुप्लिकेट आला असंल" म्हणायचं आणि दुसरं सील ठोकायचं. डुप्लिकेट माल बाजारात आहे हे खरं, पण त्याच्या नावावर आम्ही मिस्त्र्यांनी किती पापं खपवलीत ते आमचं आम्हाला माहीत.

तात्यांच्या अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, चाक काढलं. ब्रेकचे लायनर तेलाने काळे झाले होते. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने कितीही धुतला तरी तापला की परत तेल सोडतो, तो फेकायचाच. मग गळणाऱ्या बाजूचा डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारं वरचं रबर, वर सरकवला आणि पाईप कोरड्या फडक्याने पुसला. नजरेला काही दिसेना. कापसाचा बोळा घेतला आणि हलक्या हाताने पाईपवरून वरून खाली ओढत नेला. सीलच्या जागेपासून तीन बोटं वर कापसाचे चार तंतू अडकले. परत ओढला, परत तिथेच. नख फिरवलं तर टक् करून अडकलं. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान खड्डा, शेजारी अजून दोन. गाडी खड्ड्यात आदळली की सीलचा ओठ बरोबर त्या काठावरून जायचा. खिसणीवर रबर घासावं तसं.

आणि तो खड्डा माझ्या ओळखीचा होता.

चार महिन्यांपूर्वी बाजाराच्या दिवशी गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिथे गंजाचा तांबूस डाग होता. मी तो पाहिला होता. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, अंगठा फिरवला, गुळगुळीत लागला, सील बसवून गाडी दिली. वीस वर्षं पाने फिरवलेल्या अंगठ्याला काय कळणार? त्या दिवशी मी नख लावलं नाही, कारण नख लावलं असतं तर पाईप बदला म्हणून सांगावं लागलं असतं. दुकानात पाच गाड्या उभ्या होत्या. आणि पायात फाटकी चप्पल, अंगात मळका सदरा असलेला हा माणूस पाईपला पैसे काढणार नाही, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलंच नव्हतं.

"घासून न्हाई चालायचं का?" तात्यांनी विचारलं. खड्डा सीलच्या वाटेबाहेर, पार वर असता तर चाललं असतं. इथे नाही. मी सांगलीला फोन लावला, पाईप होता. स्प्लेंडर 1994 पासून रस्त्यावर आहे, तिचं सामान मिळत नाही असं सहसा होत नाही. तात्यांचा मुलगा दुसऱ्या गाडीवरून आणायला गेला आणि मी शॉकअप खोलायला घेतला.

इथे घरचं काम आणि गॅरेजचं काम यातला फरक कळतो. वरचं झाकण टी-मध्ये पाईप घट्ट असतानाच सैल करायचं, नंतर पाईप हातात फिरत राहतो. शेवटचे आटे सोडताना वर तोंड आणायचं नाही, आतली स्प्रिंग झाकण डोळ्यावर फेकते. तळाला एक ॲलन बोल्ट असतो, तो आतल्या डँपर रॉडला, म्हणजे झटका मंद करणाऱ्या दांड्याला, धरतो. 6 नंबरची ॲलन की लावली, तर बोल्टबरोबर आतला रॉडही गरगर फिरायला लागला. गॅरेजात हवेची गन आहे, एका झटक्यात सुटतं. इथे गन कुठली? तात्यांना म्हटलं, जुनी काठी आहे का? त्यांनी गुरं हाकायची काठी आणली, कोयत्याने टोक निमुळतं तासून दिलं. स्प्रिंग काढून ती काठी वरून पाईपमध्ये घातली, रॉडच्या डोक्यात दाबून धरली, खालून की फिरवली. सुटला. बाहेर आलेलं तेल राखेच्या पाण्यासारखं होतं. तीन जणांनी तीन सीलं बदलली, त्यात मीही आलो, पण आतला गाळ कुणी धुतला नव्हता.

पाईप यायला वेळ होता म्हणून चहा घेत ओट्यावर बसलो. बसल्या बसल्या नजर गोठ्याकडे गेली. "गाडी रात्री कुठं लावता?" मी विचारलं. "हितंच की, म्हशींच्या मागं. भायेर लावली तर पेट्रोल काढत्यात पोरं." जागा दाखवली. भिंत आणि मुताची नाली यांच्यामध्ये गाडी, आणि नालीच्या बाजूला बरोबर तोच शॉकअप. रोज पहाटे गोठा धुताना नालीतलं पाणी उडणार ते त्याच पाईपवर, आणि रात्रभर अमोनियाचा वास कोंडलेला. क्रोमचा थर आरशासारखा दिसला तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यातून क्षाराचं पाणी आत गेलं की खालचं लोखंड फुगतं आणि क्रोमचा पापुद्रा उडतो. हे मला गॅरेजात बसून आणखी दहा सीलं बदलूनही कळलं नसतं.

दोनला पाईप आला. पुढचं काम मी जेवढं सावकाश केलं तेवढं पहिल्या वेळी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. दोन्ही बाजू धुतल्या, दोन्हींची सीलं नवी. एकाच बाजूला नवं तेल घातलं की दोन पाय दोन चालीने चालतात. पाईपच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी चढवली, म्हणजे पाईपच्या काठाने सीलचा ओठ चिरत नाही, वरून तेलाचा हात दिला. स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. सील बसवायला जुनंच सील वर ठेवून प्लॅस्टिकच्या पाईपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकलं. सील धरून ठेवणारी तारेची कडी, सर्कलिप, खोबणीत बसल्याचा टक् आवाज आला. ॲलन बोल्टाखाली नवं तांब्याचं वायसर. तेल मापाने, दोन्हीकडे सारखं, अंदाजाने नाही. ड्रम पेट्रोलने पुसून आतून पेपर मारला, नवे लायनर घातले. चाक बसवल्यावर ॲक्सल शेवटचा कसायच्या आधी हँडल दाबून गाडी चार वेळा खाली-वर केली, म्हणजे दोन्ही बॉटम आपापल्या जागी बसतात.

हात धुताना मी तात्यांना सगळं सांगितलं. डाग पाहिला होता, घासून दिला होता, पाईपचं बोललो नव्हतो. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"मग तवाच सांगायचं हुतं की वो. पाईपला कितीसं लागलं? माझ्या एका दिवसाच्या दुधाएवढं पण न्हाई."

मला उत्तर सुचलं नाही. मजुरी घ्यायला मी नको म्हटलं, तर त्यांनी पाईप, सील, तेल, लायनर यांचा हिशेब लावून तेवढे पैसे मोजून दिले, मजुरीवरून वाद घातला नाही. चार वाजून पाच मिनिटांनी गाडी चालू केली आणि गोठ्यात न नेता ओसरीत लावली. वहिनींनी साखळी आणून खांबाला बांधली.

त्या रात्री मी उधारीची वही काढून बसलो. वहीत मी कामही लिहितो. गेल्या वर्षभरात ज्यांच्या गाडीला शॉकअपचं सील घातलं आणि जे दूध घालतात, अशी सात नावं निघाली. चार जणांना फोन झाले. त्यातले तिघे गाडी गोठ्यातच लावतात. एकाने विचारलं, "का वो मिस्त्री, काय झालं?" त्याला उद्या सकाळी दहाला बोलावलंय. उरलेल्या तिघांत एकाचा नंबर लागत नाही. त्याच्या गावाला जाऊन यायचं आहे.