कोल्हापूर-पुण्याएवढा रस्ता, पेट्रोल पंप एकच

कॅनडातल्या कॅल्गरीहून पश्चिमेला गाडी काढली की तासाभरात रॉकीजचे डोंगर समोर येतात. बॅन्फ, योहो, कूटनी आणि जॅस्पर ही चार राष्ट्रीय उद्यानं इथं एकमेकांना लागून आहेत. कोल्हापूरहून माझे मामा-मामी आणि त्यांच्या गल्लीतली आणखी दोन घरं यायचं म्हणतायत. त्यामुळे तिकडे संध्याकाळ आणि इकडे सकाळ असते तेव्हा फोनवर सध्या एकच विषय असतो: तीन-चार दिवसांत डोंगरात काय काय बघून होईल?

परवा मामा नकाशा उघडूनच बसले होते. "लेक लुईस ते जॅस्पर दोनशे बत्तीस किलोमीटर? म्हणजे पुण्याएवढंच की रे. सकाळी जायचं, सांजच्याला माघारी."

अंतर खरंच तेवढंच आहे. पण पुण्याला जाताना कराड लागतं, सातारा लागतं, मनात येईल तिथं चहा मिळतो आणि पंक्चर काढणाराही भेटतो. इथं लेक लुईस ते जॅस्परच्या रस्त्यावर, म्हणजे आइसफील्ड्स पार्कवेवर, अख्ख्या वाटेत पेट्रोल पंप एकच, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला, आणि हिवाळ्यात तोही बंद. बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नसते. म्हणून निघतानाच टाकी फुल करायची, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि दिवसभराचं खाणं-पाणी गाडीत ठेवायचं. न थांबता तीनेक तासांत जॅस्परला पोचता येतं, पण या रस्त्यावर न थांबता जायचं तर यायचंच कशाला? दर वळणाला नवा कडा, नवा तलाव, नवा धबधबा. जाऊन त्याच दिवशी परत फिरायचं म्हटलं, तर मामांना गाडीची काचच बघावी लागेल.

मग येतो महिन्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या बेताची नाडी इथेच आहे. आपल्याकडे फिरायचं म्हणजे मे महिना, पोरांच्या शाळेला सुट्टी. पण मे महिन्यात इथले उंचावरचे तलाव गोठलेले असतात. लेक लुईसवरचा बर्फ साधारण जूनच्या सुरुवातीला फुटतो, आणि मोरेन लेकचा रस्ता जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. ज्या निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो बघून माणसं येतात, तो रंग हिमनदीमुळे येतो. बर्फ खडकाला घासत खाली सरकतो, दगडाचं पिठासारखं चूर्ण होतं आणि ते पाण्यात तरंगत राहतं. ऊन त्यावर पडलं की पाणी तसं दिसतं. बर्फ वितळून ते चूर्ण तलावात उतरेपर्यंत हा रंग भरत नाही. मे महिन्यात येणाऱ्या माणसाला पांढरं पटांगण दिसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण गर्दीही तेवढीच, आणि वणव्यांचा धूर आला तर समोरचा डोंगरसुद्धा दिसत नाही. माझं मन सप्टेंबरवर आहे. महिन्याच्या शेवटी लार्चची झाडं सोनेरी होतात, पानं गळण्याआधी थोडेच दिवस. मामींची अडचण मला ठाऊक आहे. गौरी-गणपती घरात असताना त्या बाहेर पाऊल टाकणार नाहीत, आणि अंबाबाईच्या नवरात्राला त्यांना कोल्हापुरात हजर राहायचंच असतं. पण गौरीविसर्जन ते घटस्थापना यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, ती इथल्या ऋतूला फार छान जुळते. म्हाळाची तिथी तेवढी सांभाळून तिकिटं काढायची.

तिकिटांनंतर लगेच बुकिंगकडे वळायचं. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या शटल बसने किंवा टूरवाल्यांच्या बसने जावं लागतं. शटलच्या काही जागा वसंतात एकदम खुल्या होतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला. मुक्कामाला मला बॅन्फपेक्षा कॅनमोर बरं वाटतं. ते उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे आणि बॅन्फपासून अर्ध्या तासाच्या आत. उद्यानाचा पास एका गाडीला एक, सातजणांपर्यंत. तीन घरं येणार म्हणजे दोन गाड्या, दोन पास.

जॅस्पर गाव या खेपेला सोडायचं, असं मी मामांना स्पष्ट सांगितलंय. जुलै २०२४ च्या वणव्यात त्या गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव पुन्हा उभं राहतंय आणि पाहुण्यांची त्यांना गरजही आहे, तेव्हा तिथं जायचं तर दोन रात्री राहायला जावं. धावत शिवून येण्यात त्यांचंही भलं नाही आणि आपलंही. आपण पार्कवेवरून कोलंबिया आइसफील्ड या बर्फाच्या विस्तीर्ण पठारापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं.

तिथली अथाबास्का हिमनदी मात्र चुकवायची नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. गाडी लावून चालत निघालं की वाटेत सालांच्या पाट्या लागतात: त्या साली बर्फ इथपर्यंत होता. आपल्याच हयातीतलं साल वाचून पुढं बघावं, तर बर्फ कितीतरी लांब. मामींचे गुडघे दुखतात, म्हणून या चालण्यासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवली आहे. त्या दिवशी दुसरं काहीच नको.

जनावरांचे नियम पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. अस्वल आणि लांडग्यापासून निदान १०० मीटर, हरणासारख्या प्राण्यांपासून ३० मीटर लांब राहायचं. खाण्याचं काही बाहेर ठेवायचं नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा डबासुद्धा बंद गाडीतच. इथल्या कचरापेटीला बाहेरून कडी नसते. पत्र्याच्या पडदीखाली हात घालून आतली पट्टी दाबली की झाकण उचलतं. अस्वलाच्या पंजाला ते जमत नाही. अस्वलाला माणसाच्या खरकट्याची चटक लागली की शेवटी जीव त्याचाच जातो, म्हणून हा एवढा खटाटोप.

हायवेवर आडवे गेलेले झाडीचे पूल दिसतील, ते मामांनी नीट बघावेत अशी माझी फार इच्छा आहे. बॅन्फमध्ये जनावरांना रस्ता ओलांडायला असे ६ पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत, दोन्ही बाजूंनी कुंपण. त्यामुळे जनावरांना गाडीची धडक बसण्याचे प्रकार ८० टक्क्यांहून अधिक घटले. मामा दाजीपूरच्या रस्त्याने आयुष्यभर गेले आहेत, रात्री दिव्याच्या उजेडात अचानक गवा उभा राहिला की काय होतं ते त्यांना सांगायला नको. कॅनडाच्या या डोंगरांना १९८४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपलं राधानगरी २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा झाल्या आहेत, म्हणजे हे आपल्याकडेही होऊ शकतं. राधानगरीच्या गव्याचाही तेवढाच हक्क आहे.

आता राहिलं सामान. सप्टेंबरमध्येही सकाळी कडाक्याची थंडी असते आणि उंचावर बर्फ पडू शकतो. त्यामुळे एका जाड कोटापेक्षा अंगावर चढवता-उतरवता येतील असे दोन-तीन थर आणा, आणि चालायचे बूट घरीच पायात रुळवून आणा. मामा, बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत असू द्या. आणि मामींना विचारून म्हाळाची तारीख तेवढी कळवा, म्हणजे कॅनमोरच्या खोल्या धरून टाकतो.