हाइझमन, भाचा आणि स्टीलची बादली

गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली आहे, पण परवा भाच्यानं फोनवर पुन्हा तोच विषय काढला अन् माझं डोकं पुन्हा तापलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भाचा कोलोरॅडोत एमएस करून राहिला. त्याच्याच नादानं मला हे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वेड लागलं. आपलं पायानं खेळायचं फुटबॉल नाही राजेहो, लांबुळक्या चेंडूचं, हेल्मेट घालून सरळ अंगावर जायचं ते. आधी काही टोटल लागत नव्हता, पण मी वीस वर्षं गावच्या टीममधून कबड्डी खेळलेला माणूस, आता पंच म्हणून जातो, त्यामुळं पाच जणांनी धरलेला गडी कसा सुटून जातो ते बघायला लागलो की चहा थंड होते माझा.

तर हाइझमन ट्रॉफी म्हणजे तिथल्या कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान, १९३५ पासून दर वर्षी एकालाच. त्या वर्षी भांडण दोघांतच होतं. एक कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा ट्रॅव्हिस हंटर, दुसरा बॉइझी स्टेट युनिव्हर्सिटीचा अ‍ॅश्टन जेंटी. भाचा कोलोरॅडोत राहतो, म्हणजे तो कोणाकडून हे सांगायची गरजच नाही.

आता हंटरचं कौतुक काहून, तर त्या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे अन् अडवणारे अकरा वेगळे असतात, चेंडू दुसऱ्याकडे गेला की हे अकरा बाहेर बसून पाणी पितात. हा पठ्ठ्या बसतच नव्हता. इकडे पास झेलायचा, तिकडे समोरच्याचा पास अडवायचा. १२ मॅचमध्ये ९२ झेल, १,१५२ यार्ड, १४ टचडाऊन (म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), अन् वरून ४ वेळा समोरच्याचा पास हवेतच पळवला. बेलरविरुद्धची मॅच मी नंतर यूट्यूबवर पाहिली, एक्स्ट्रा टाइममध्ये समोरचा गडी अगदी रेषेवर पोचला होता, यानं जाऊन असा दणका दिला की चेंडूच सुटला हातातून, मॅच खलास. ते मी चार वेळा पाहिलं, खोटं कशाला बोलू.

पण जेंटी. जेंटीचं काम एकच, चेंडू पोटाशी धरायचा अन् गर्दीत घुसायचं. मैदान निळं त्यांचं, खरंच निळं, नकली गवताचं. समोरच्या अकराही जणांना माहीत की चेंडू यालाच देणार, कोचला माहीत, स्टँडमधल्या पोरासोरांना माहीत, तरी थांबत नव्हता. मत द्यायच्या वेळेपर्यंत १३ मॅच, ३४४ वेळा चेंडू घेऊन धावला अन् २,४९७ यार्ड. मी हिशोब करून पाहिला, सव्वादोन किलोमीटरच्या वर होते ते. आमच्या घरापासून एसटीच्या फाट्यापर्यंत साधारण एवढंच अंतर आहे अन् मला ते रिकाम्या हातानं चालत जायचा कंटाळा येते, हा माणूस दर सात यार्डांवर आडवा पडत, उठत, पुन्हा घुसत गेला.

१५ डिसेंबरला रविवार होता, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. रेंज फक्त स्लॅबवर येते म्हणून मी स्वेटर, मफलर घालून वर, खाली वेचणीच्या बाया येऊन उभ्या, माय ओरडून राहिली की काटा कुठं ठेवला. भाचा व्हिडिओ कॉलवर. मी मायला म्हटलं, तूच सांग, एक जण एकच काम करते पण सगळ्यांपेक्षा जास्त करते, दुसरा दोन कामं करते, बक्षीस कोणाले?

माय म्हणे, "काट्यावर वजन पाह्यते ना बाप्पा. ज्याचा कापूस जास्त त्याले पैसे जास्त."

मी खूश. तेवढ्यात भाचा तिकडून, "आजी, अन् जे बाई वेचते बी अन् सगळ्यांचे गाठोडे बी डोक्यावर वाहून नेते, तिचं काय?"

"मग तिले देजो लेका," माय म्हणे अन् काटा घेऊन चालली गेली. घ्या.

निकाल लागला, हंटर. त्याला २,२३१ पॉइंट, जेंटीला २,०१७. मतं देणारे नऊशेच्या वर, बहुतेक सगळे पत्रकार, थोडे आधी जिंकलेले खेळाडू, प्रत्येकानं तीन नावं लिहायची, पहिल्याला ३ पॉइंट, मग २, मग १. माझं म्हणणं असं की त्याच वर्षी हंटरला बेस्ट रिसीव्हरचं बिलेटनिकॉफ अवॉर्ड बी भेटलं अन् बेस्ट डिफेन्सचं बेडनारिक बी भेटलं, दोन्ही कामाचे पैसे चुकते झाले ना त्याचे, मग तिसरं काहून? भाचा म्हणे, "मामा, दोन्ही एकाच माणसाले भेटले हाच तर पुरावा आहे." आता याला काय बोलावं. मी म्हटलं मॅक्सवेल अवॉर्ड बी देशातल्या बेस्ट खेळाडूचंच असते, ते जेंटीला भेटलं, म्हणजे जाणकारांतच फूट आहे.

मग तो हसला अन् म्हणाला, "मामा, तुम्ही अजून त्या बादलीवरच राग काढून राहिले."

आता बादलीचं सांगावंच लागते. लय वर्षांपूर्वी बाजूच्या गावच्या टूर्नामेंटमध्ये सगळ्यात जास्त रेडचे पॉइंट माझे होते, लिहिलेले, वहीत. मालिकावीर म्हणून सायकल होती. ती भेटली एका पोराला, काहून, तर तो रेड बी करते अन् पकड बी करते, अष्टपैलू आहे म्हणे. मला उत्कृष्ट चढाई, स्टीलची बादली. माझ्या पकडीला कोणी उभं राहायला सांगितलंच नाही कधी, कॅप्टन म्हणायचा तू दम धर, पुढची रेड तुझीच आहे. जेंटीलाही असंच कोणीतरी म्हणत असेल. एकच काम करणारा माणूस आळशी नसतो, त्याच्यावाचून टीमचं अडते म्हणून त्याला त्या कामावर जुंपलेलं असते, हे मत देणाऱ्याला स्टँडमधून दिसत नाही.

तरी एक गोष्ट भाच्याला मी अजून कबूल केली नाही. १ जानेवारीला सकाळी जेंटीची शेवटची मॅच होती, पेन स्टेटसोबत. बॅरी सँडर्स या जुन्या खेळाडूचा १९८८ चा, एका सीझनमध्ये धावून काढलेल्या २,६२८ यार्डांचा रेकॉर्ड मोडायला १३२ यार्ड पाहिजे होते. त्या दिवशी त्याला खरंच धरलं त्यांनी, ३० वेळा घुसला अन् १०४ निघाले. अन् सँडर्सनं तर ते ११ मॅचमध्ये केले होते, याला १४ भेटल्या तरी नाही झाले. म्हणजे वजनच करायचं म्हटलं तर काट्यावर बी हा दुसराच.

बरोबरी करायलाच २७ यार्ड कमी पडले. साधारण पंचवीस मीटर. संध्याकाळी ढोरांना पाणी न्यायच्या वेळी मी विहिरीपासून गोठ्यापर्यंत पावलं मोजली, तेहतीस भरली. बादली तीच होती.