राजगडाचं नेढं: गोडो-ब्लेंडरच्या कामाची नोंद

नेढं झालं. काल रात्री माझ्या संगणक-खेळातला मातीचा मावळा राजगडाच्या सुवेळा माचीच्या कातळातल्या त्या आरपार भोकातून पलीकडे चालत गेला. दीड महिना सगळं काम या एका भोकापाशी अडलं होतं, त्यामुळे आजच्या नोंदीत बराचसा भाग त्याचाच आहे.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात ना, तोच मी खेळात करतोय. किल्ला मात्र मनाने रचलेला नाही, राजगडच. खेळणाऱ्याच्या हाती बोटभर उंचीचा मातीचा मावळा. तो गुंजवण्याच्या बाजूने चढून चोरदरवाजातून पद्मावती माचीवर येतो आणि तिथून सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला असा गड फिरतो. लढाई नाही. एकेका ठिकाणी पोहोचून पणती लावायची, एवढाच खेळ. शिवाय त्याच मोजमापांवर यंदा अंगणात पुठ्ठ्याचा गड उभा करायचा आहे. सगळं ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर: क्यूजीआयएस (नकाशांसाठी), ब्लेंडर (त्रिमितीय आकारांसाठी), क्रिता (चित्रांसाठी), इंकस्केप (रेषाचित्रांसाठी) आणि गोडो (खेळ बनवण्यासाठी).

डोंगराचा आकार एसआरटीएमच्या उंचीच्या नोंदींमधून घेतला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने जमिनीची उंची मोजली, तो हा साठा. साधारण दर ३० मीटरला एक उंची मिळते. मी ४ किलोमीटरचा चौकोन कापला, म्हणजे एका बाजूला जेमतेम १३० ठिपके. हा तुकडा क्यूजीआयएसमध्ये आधी यूटीएम ४३ उत्तर या, अंतरं मीटरमध्ये मोजणाऱ्या, नकाशा-प्रक्षेपात आणून घ्या. अक्षांश-रेखांशात तसाच ठेवला, तर आपल्याकडे डोंगर पूर्व-पश्चिम सुमारे पाच टक्के ताणला जातो. ऐकायला थोडं वाटतं, पण गड ज्याने पाहिलाय त्याला माची लांबट झालेली लगेच कळते.

इथे माझे दोन आठवडे गेले, ते तुमचे जाऊ नयेत. उंचीचं चित्र मी आधी ८ बिटमध्ये काढलं होतं. त्यात उंचीच्या पायऱ्या फक्त २५६. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ७०० मीटर धरले, तर एक पायरी पावणेतीन मीटरची होते. ब्लेंडरमध्ये गडाचे उतार भाताच्या खाचरांसारखे दिसायला लागले. चित्र १६ बिटमध्ये काढल्यावर पायऱ्या ६५,५३६ झाल्या आणि उतार सलग आले. तरीही मधले उतार खचलेले आणि बालेकिल्ला सुळक्यासारखा टोकदार. ब्लेंडर त्या फाइलला रंगीत चित्र समजून आकडे वाकवत होता. कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले आकडे कसे वाचायचे ती सेटिंग, 'नॉन-कलर' केली आणि गड ओळखीचा दिसू लागला.

कडे मात्र आलेच नाहीत, आणि ते येणारही नव्हते. ३० मीटरला एक ठिपका असेल तर साठ मीटरचा सरळ कडा दोन ठिपक्यांत वाटला जातो आणि तिथे नुसता उतार उरतो. रडारही तिरकं बघतं, खोल दऱ्यांच्या आड त्याला दिसत नाही. सह्याद्रीची ओळखच कड्यांची आहे, म्हणून बालेकिल्ल्याचा कातळ मी फोटो समोर ठेवून ब्लेंडरमध्ये हाताने कोरला. काळ्या कातळाचा पोतही स्वतःच्या फोटोंवरून केला, कारण तयार मिळालेले दगड फिकट होते, सह्याद्रीचे वाटत नव्हते. क्रितामध्ये डब्ल्यू दाबलं की चित्र चारी बाजूंनी जोडून दिसतं, त्यामुळे सांधे मिटवायला फार सोपं गेलं.

आता नेढं. हाइटमॅपमध्ये, म्हणजे वरच्या त्या उंचीच्या चित्रात, जमिनीच्या एका जागेला एकच उंची असते. नेढ्यापाशी खाली कातळ, मध्ये पोकळी, वर पुन्हा कातळ. एका जागेला तीन उंच्या झाल्या. कितीही बारीक ठिपके घेतले तरी हाइटमॅपमध्ये हे बसवता येत नाही. शेवटी नेढ्याची भिंत वेगळा मेश (त्रिकोणांनी बनलेला त्रिमितीय आकार) म्हणून घडवली, जमिनीतला तेवढा तुकडा काढून टाकला आणि कडा जुळवल्या. दिसायला भोक आलं. मावळा मात्र तिथे जाऊन हवेत थटायचा.

कारण कोलिजनमध्ये होतं, म्हणजे वस्तू कुठे टेकते-थटते ते ठरवणाऱ्या अदृश्य आकारात. मी त्या मेशला कॉन्व्हेक्स आकार दिला होता. कॉन्व्हेक्स म्हणजे वस्तूभोवती ताणून गुंडाळलेला कागद, त्यात खळगे आणि भोकं बुजून जातात. डोळ्यांना पोकळी दिसत होती, गोडोच्या लेखी तिथे भिंत होती. उपाय एका ओळीचा निघाला: ब्लेंडरमध्ये वस्तूच्या नावाला शेवटी डॅश आणि सी-ओ-एल ही अक्षरं जोडायची. ब्लेंडरमधून काढलेली जीएलटीएफ फाइल आत घेताना गोडो मग मेशच्या खऱ्या त्रिकोणांवरून कोलिजन बनवतो. न हलणाऱ्या वस्तूंना हेच वापरा. पहिल्यांदा मावळा पलीकडे गेला तेव्हा मी तो भाग सात-आठ वेळा खेळून पाहिला. प्रत्यक्ष गडावर त्या भोकात बसून वारा खाल्लेल्या प्रत्येकाला तो क्षण खेळात मिळावा, अशी माझी फार इच्छा आहे.

लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गोडोचा जुन्या यंत्रांसाठीचा 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) घेतल्यावर खेळ सुरळीत चालतो. सावल्या थोड्या कमी केल्या आहेत.

मराठी अक्षरांबद्दल सांगायलाच हवं. गोडो ३ मध्ये मी केलेल्या जुन्या प्रयोगात 'किल्ला' लिहिलं की वेलांटी चुकीच्या जागी जायची आणि जोडाक्षर फुटायचं. मजकुराची चित्रं करून चिकटवावी लागायची. २०२३ मध्ये गोडो ४ आला, त्यात अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी आहे. 'दऱ्या', 'पायऱ्या' मधला अर्धा र नीट उमटतो. लेबलच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड, म्हणजे एम-आर, टाकून बघा. फॉन्टमध्ये आपले मराठी वळणाचे ल आणि श असतील, तर तेच येतात. खेळातल्या पाट्यांसाठी मी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' फॉन्ट घेतला आहे, त्याचा परवानाही मोकळा आहे.

पुठ्ठ्याच्या गडाचं प्रमाण १:५००० ठरवलं, म्हणजे ८० सेंटिमीटरचा चौकोन. पाच मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा या प्रमाणात २५ मीटर होतो, म्हणून क्यूजीआयएसमध्ये दर २५ मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या. थर अठ्ठावीस. रेषा इंकस्केपमध्ये साफ करून घेतल्या, वास्तुविशारदांचे नकाशे छापणाऱ्या दुकानातून ए-झिरोवर एकच प्रिंट आणली आणि कार्बन पेपरने थर उतरवतोय. नऊ कापून झाले. मातीचा लेप त्यावर, मग हळीव. पुठ्ठ्यातलं नेढं कसं करायचं तेही ठरलंय: वरच्या तीन थरांत खाच आणि त्यावर आडवा तुकडा.

पुढचं काम संजीवनी माचीचं. तिथल्या चिलखती बुरुजांत दोन भिंतींमधून माणूस चालतो, त्या अरुंद जागेत कॅमेरा भिंतीत घुसतोय. स्प्रिंगआर्म, म्हणजे अडथळा आला की कॅमेरा जवळ ओढणारा गोडोचा भाग, लावून पाहिला, बुरुजाच्या वळणावर तो झटके देतो. हे कोणी सोडवलं असेल, तर कसं ते मला नक्की सांगा.